गोव्यातल्या घरात हॅम स्टेशन: जुना व्हॉल्व्ह रेडिओ आणि हाताने बांधलेला सेट

गोव्यात हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं स्टेशन बंद पडतं ते भाग जुने असल्यामुळे कमी. ओल, खारा वारा आणि आकाशातली वीज यांमुळे जास्त. म्हणून अर्थिंग आणि अँटेना आधी, मग रिसीव्हर, आणि ट्रान्समीटर सगळ्यात शेवटी. हा क्रम कायद्यालाही सोयीचा आहे. लायसन्स नसताना ट्रान्समीटर बाळगू नये, अँटेना मात्र तोवर उभी राहू शकते. ॲमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर परीक्षेचा अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करता येतो. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन (हवेवरची ओळख) मिळतं, जनरलला व्हीयू२ने. जनरलसाठी मोर्स यावं लागतं.

अर्थिंग

चिऱ्याच्या जमिनीत आठ फुटी रॉड ठोकून आत जात नाही, आणि गेलाच तरी एप्रिल-मेमध्ये ती जमीन इतकी सुकते की अर्थ नावापुरताच उरतो. न्हाणीचं किंवा विहिरीचं पाणी मुरतं अशी जागा शोधा. तिथे सव्वा ते दीड मीटर खोल खड्डा खणा, रॉड किंवा तांब्याची पट्टी उभी ठेवा आणि भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा. मीठ-कोळशाची जुनी पद्धत चालते, पण मीठ धातू खातं आणि काही पावसाळ्यांनी सांधा तुटतो. ही अर्थ घराच्या वायरिंगच्या अर्थशी जाड तारेने जोडलीच पाहिजे. दोन अर्थ वेगळ्या राहिल्या तर जवळ वीज पडल्यावर त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक तुमच्या सेटमधून वाट काढतो.

अँटेना

सुरुवात चाळीस मीटर बँडवर करा. भारतात तो ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे. डायपोलची (मधोमध केबल जोडलेली दोन बाहूंची तार) एकूण लांबी मीटरमध्ये काढायला १४२.६ला मेगाहर्ट्झने भागा. ७.१साठी २०.१ मीटर येतात, म्हणजे एक बाहू सुमारे १० मीटर. घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची पीव्हीसी तार चांगली चालते, पण आवरणामुळे ती जरा खाली ट्यून होते. म्हणून प्रत्येक बाहू १०.३ मीटर कापा, वर चढवा, एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली याचं माप) बघा आणि दोन्ही बाजूंनी सारखं कापत या. प्रत्येक बाहूतून १० सेंटिमीटर गेले की अनुनाद सुमारे ७० किलोहर्ट्झ वर सरकतो. हे काम कोरड्या दिवशी करा. भिजलेल्या तारेवर घेतलेलं माप फसवतं.

मधला बिंदू ९ मीटरवर असला आणि बाहू दोन्हीकडे उतरते, म्हणजे उलट्या व्हीच्या आकारात असले तरी चालतं. बाहूंमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका. केंद्राशी ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर आरजी-५८ केबलचे १२ वेढे घाला (सव्वाचार मीटर केबल जाते). हा चोक नसेल तर केबलचं आवरणच अँटेनासारखं वागतं आणि बोलताना माइकचे चटके बसतात.

आधाराला माड हाताशी असतो, पण त्याला खिळा मारू नका. जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो आणि माड जातो. रुंद पट्टा गुंडाळून त्याला कप्पी बांधा. दोरी कप्पीतून खाली आणा आणि टोकाला चारेक किलोचं वजन टांगा. माड डोलला, चुडत पडलं, तरी वजन वर-खाली होतं आणि तार तुटत नाही. दोरी मासेमारीच्या सामानाच्या दुकानातली पॉलिएस्टरची घ्या. स्वस्त प्लॅस्टिकची दोरी उन्हाने भुगा होते. विजेच्या तारांपासून अँटेनाच्या पूर्ण लांबीपेक्षा जास्त अंतर ठेवा. माडावर पाडेलीलाच (नारळ पाडणाऱ्यालाच) चढवा.

केबलच्या सांध्यावर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर पीव्हीसी टेप. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जातं. वर्षाने सांधा उघडून बघा: तांब्याची जाळी हिरवी-काळी पडली असेल तर चकाकी दिसेपर्यंत केबल कापा. पाणी जाळीतून मीटरभर आत चढलेलं असतं, नुसतं टोक पुसून भागत नाही.

जुना रिसीव्हर

माळ्यावरचा फिलिप्स, मर्फी किंवा बुश उतरवला की थेट प्लगमध्ये घालू नका. आधी व्हॉल्व्हवरची (आतल्या काचेच्या नळ्यांवरची) नावं वाचा. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० अशी ई-मालिका असेल तर सहसा आत ट्रान्सफॉर्मर असतो. यूसीएच ८१, यूसीएल ८२, यूवाय ८५ अशी यू-मालिका असेल तर चॅसिस (धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेला असतो. असा सेट एकास-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडू नये, आणि त्याला बाहेरचा अर्थ किंवा हेडफोन जोडू नये. नवशिक्याने तो बाजूला ठेवलेलाच बरा.

ट्रान्सफॉर्मरवाला सेट दोन दिवस बंद कपाटात १५ वॉटच्या बल्बशेजारी सुकवा. ओल धरलेली वाइंडिंग पहिल्याच चालूला जळते. मग सेटसोबत सीरिजमध्ये ६० वॉटचा तारेचा बल्ब लावा, एलईडी नाही. बल्ब आधी उजळून मग मंद झाला तर ठीक. झगझगीतच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला, ३३ मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट. 'जास्त तेवढं चांगलं' म्हणून २२० टाकू नका. ईझेड ८० (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) पहिल्या कपॅसिटरसाठी ५०च्या वर सोसत नाही. मेणाचे कागदी कपॅसिटर सरसकट काढून ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर लावा. सगळ्यात आधी ईएल ८४च्या (स्पीकर चालवणारा व्हॉल्व्ह) २ नंबर पिनला जाणारा बदला. त्या पिनवर मीटरने पॉझिटिव्ह व्होल्टेज दिसलं तर तो गळतोय. तसाच चालवला तर ईएल ८४ लालबुंद होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. अभ्रकाचे कपॅसिटर आणि आयएफचे (आतल्या ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळवलेल्या डब्यांचे) स्क्रू मात्र हलवू नका. एचटी (उच्च व्होल्टेजच्या) लाइनवर २२० किलोओम २ वॉटचा रेझिस्टर कायमचा लावा, म्हणजे बंद केल्यावर २५० व्होल्ट आपोआप उतरतात. तरीही हात घालण्यापूर्वी मीटरने खात्री करा.

असा सेट एसएसबीवर (हॅम ज्या पद्धतीने बोलतात तिच्यावर) फक्त बदकासारखा आवाज देईल, कारण त्यात बीएफओ, म्हणजे तो आवाज सुटा करणारा छोटा ऑसिलेटर नसतो. तो बांधायला एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि ट्रान्झिस्टर रेडिओतला ४५५ किलोहर्ट्झचा आयएफटी (आयएफ ट्रान्सफॉर्मर) पुरतो. कलेक्टर आणि ९ व्होल्ट यांच्यामध्ये ट्यून केलेली गुंडाळी. दुसऱ्या गुंडाळीचं एक टोक ०.०१ मायक्रोफॅरडमधून बेसला, दुसरं ग्राउंडला. बेसला ९ व्होल्टकडून २२० किलोओम. एमिटरला १ किलोओम आणि त्याला समांतर ०.०१. ऑसिलेट झाला नाही तर दुसऱ्या गुंडाळीची टोकं उलटी करा, बहुतेकदा तेवढंच चुकलेलं असतं. आउटपुटसाठी इन्सुलेटेड तार डिटेक्टरकडे (सिग्नलमधून आवाज काढणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या तारेवर दोन वेढे नुसती गुंडाळा, धातूला धातू लावू नका. चालणाऱ्या स्टेशनवर शिट्टी ऐकू येईपर्यंत आयएफटीचा गाभा फिरवा. शिट्टी खाली उतरत शून्य होते, तिथून जरासं एका बाजूला ठेवा. आवाज कर्कश राहिला तर सिग्नल बीएफओपेक्षा वरचढ आहे: अँटेनाच्या वाटेत १ किलोओमचा पोटेन्शिओमीटर घालून सिग्नल कमी करा. डायलवर ४१ मीटरच्या खुणेशेजारी, कमी फ्रिक्वेन्सीच्या बाजूला, सकाळी भारतीय हॅम एलएसबीवर (एसएसबीचाच खालचा प्रकार) भेटतात.

ट्रान्समीटर

हाताने बांधायला बीआयटीएक्स या ट्रान्समीटर-रिसीव्हरइतकी समजण्याजोगी रचना दुसरी नाही. हैदराबादच्या अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांनी ती २००३मध्ये मांडली, सहज मिळणाऱ्या भागांतून. चाळीस मीटरच्या बीआयटीएक्स ४०मध्ये १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर आणि ५च्या जरा खालचा ऑसिलेटर असतो. दोहोंतला फरक ७.१. भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. आयआरएफ ५१० (शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर) दोन-चार जास्त घ्या, पहिल्या जोडणीत तोच जातो.

तो वाचवायचा तर बायसचा प्रीसेट आधी शून्यावर, माइक बंद, आउटपुटला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर पिणारा रेझिस्टर). मग पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबून प्रीसेट हळूहळू वाढवा आणि करंट १०० मिलिअँपिअरने वाढला की थांबा. मागचा धातूचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो, म्हणून हीटसिंकशी अभ्रकाचा वॉशर हवाच. डमी लोडला १ किलोओम २ वॉटचे २० कार्बन रेझिस्टर समांतर जोडा: ५० ओम, ४० वॉट. वायरवाउंड चालत नाहीत, ते कॉइलसारखे वागतात.

आउटपुट फिल्टर घरी बांधत असाल तर टी ३७-६ रिंगवर २१, २४, २१ वेढे आणि २७०, ६८०, ६८०, २७० पिकोफॅरड. याशिवाय हवेवर जाऊ नका, १४ आणि २१ मेगाहर्ट्झवर हार्मोनिक्स (दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीचे नको असलेले सिग्नल) जातात. मोबाइलच्या चार्जरसारखा एसएमपीएस सेटजवळ ठेवला की खरखर भरते. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची लेड बॅटरी आणि ३ अँपिअरचा फ्यूज हा सगळ्यात शांत पुरवठा.

रिसीव्हर आणि बीआयटीएक्स दोन्ही अँटेनाला एकदम जोडू नका. मध्ये दोन बाजूंचा स्विच ठेवा, नाहीतर ट्रान्समिटची पॉवर जुन्या सेटची अँटेना कॉइल जाळेल.

पावसाळा

मे महिन्याचे वळीव सुरू झाले की वापर संपताच केबल घराबाहेरच काढून अर्थला टेकवा. अरेस्टर (विजेचा झटका अर्थला सोडणारा भाग) असला तरी हे सोडू नका. बोर्डावर ॲक्रिलिक लॅकरचा पातळ थर द्या, ट्रिमर आणि ऑसिलेटरची कॉइल झाकून. व्हॉल्व्ह सेट पावसातही आठवड्यातून दोनदा तासभर चालवा; त्याच्याच उष्णतेने ट्रान्सफॉर्मर सुकतो आणि स्पीकरच्या कागदावर बुरशी चढत नाही.