पाडव्याला ठरवलेलं वर्षभर टिकवायचं कसं

मी घरगुती मसाले विकते. दोन वर्षांपूर्वी गुढीपाडव्याला डायरीत लिहिलं, "महिन्याला ५० किलो मसाला विकायचा आणि रोज चालायला जायचं". वैशाख संपला तरी दोन्ही जागच्या जागी, आणि वैशाख म्हणजे तर आमचा ऐन सीझन, कांडपाला रांगा लागलेल्या असतात. खूप वाईट वाटलं होतं. त्यानंतर जे करून बघितलं आणि टिकलं तेच इथे सांगते.

आधी आपल्या हातात काय आहे ते शोधा. ५० किलो हे काम नाहीये, तो रिझल्ट आहे, तो गिऱ्हाइकाच्या हातात. माझ्या हातात काय, तर दुकानदारांना फोन करणं, गोड्या मसाल्याची सॅम्पल पुडी नेऊन देणं, जुन्या गिऱ्हाइकाला "ताई, मसाला संपत आला का" असा मेसेज टाकणं. बस. असं दोन-तीनच लिहा, दहा लिहिलीत की एकही होत नाही.

मग त्याला वेळ आणि जागा द्या, ही स्टेप सगळ्यात महत्त्वाची. पीटर गोलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये यावर लिहिलंय, नुसतं "करेन" म्हणण्यापेक्षा "अमुक झालं की तमुक करेन" असं ठरवलं तर ते हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. माझं असं आहे, मंगळवारी कुकर उतरला की गॅसशेजारच्या स्टुलावर बसून ५ फोन. नावं आदल्या रात्रीच वहीत लिहिलेली असतात, नाहीतर कुणाला करू यातच अर्धा तास जातो. चालण्याचंही तसंच, दूध आणायला जातेच, तर पिशवी हातात घेऊनच पुढे मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचं, वेगळं तयार होऊन निघायचं नाही.

वाईट दिवसासाठी छोटं माप आधीच ठरवून ठेवा. घरी पाहुणे, मुलाला ताप, लाईट गेलेली, तर ५ ऐवजी १ फोन, पण करायचा.

आणि ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे मनातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले, काहींना १८ तर काहींना २५४ दिवसांपर्यंत लागतील असा अंदाज आला, आणि मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही दिसलं. त्यामुळे महिनाभरात जमलं नाही म्हणून सोडून देऊ नका प्लीज.

रोजचं रोज मांडा. १९५९ मध्ये गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केलं, तिथे लाटलेले पापड आणून दिले की वजन होतं आणि त्या कामाचे पैसे मिळतात, म्हणजे आज किती झालं हे प्रत्येकीला माहीत. आपण घरच्या घरी एवढं तरी करू शकतो, मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात फोन झाले की निळा टिंब, चालणं झालं की लाल टिंब देते.

रविवारी जेवणं झाली की पंधरा मिनिटं हिशोब. टिंब कमी असतील तर वेळ किंवा माप बदला. टिंब भरपूर आणि विक्री नाही असं असेल तर मात्र कामच बदलायला हवं, जास्त राबून उपयोग नाही. माझे तीन महिने फोन नियमित होते तरी ऑर्डर परत येत नव्हत्या, शेवटी एका दुकानदार काकांनाच विचारलं, ते म्हणाले, "अगं, अर्धा किलोची पुडी कोण घेतंय ट्राय करायला?" त्या आठवड्यात १०० ग्रॅमच्या पुड्या भरल्या, आणि पुढच्या मंगळवारी पाचपैकी तिघांनी माल मागवला.