भोक मोठं करायची शिफारस माझी होती

डिप्लोमाचे निकाल लागले की जून-जुलैत माझ्या फोनवर एकाच वळणाचे निरोप येतात. "ताई, ट्रिमच्या कंपनीत लागतोय, काय शिकून घेऊ?" ट्रिम म्हणजे गाडीच्या आतलं अस्तर-मॅटचं काम. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगत आले, म्हणून आता एकदा सगळं सलग लिहिते. सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत ट्रकच्या केबिनसाठी डॅश इन्सुलेटर, इंजिन टनेलचं अस्तर, फ्लोअर मॅट बनवणाऱ्या एका युनिटमध्ये मी सात वर्षं आहे. आधी प्रेसवर, मग क्वालिटीत, आता डिझाइनला. पहिलं दीड वर्ष फार वाईट गेलं. ते अजून अंगातून गेलेलं नाही, त्यामुळे काही ठिकाणी मी जरा जोरात बोलेन.

ड्रॉइंग वाचणं, जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) म्हणजे काय, नीडल पंच फेल्ट (सुयांनी टोचून धागे गुंतवलेलं जाड कापड) कसं होतं, हे तुम्हाला येतं असं धरते. सोलापूरच्या पोरांना जीएसएम शिकवावं लागतच नाही. टॉवेलच्या भावाबरोबर तो घरात ऐकलेला असतो.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की करून घ्या. आवाज शोषणं, आवाज अडवणं आणि पत्र्याची थरथर मारणं ही तीन वेगळी कामं आहेत. फेल्ट आणि फोम शोषतात. बेरियम सल्फेट भरलेला ईव्हीए प्लास्टिकचा जड थर अडवतो. पत्र्याला चिकटणारी बिटुमेनची पट्टी थरथर मारते. बाजारात तिन्हींना सरसकट 'डॅम्पिंग' म्हणतात आणि तिथेच नवा माणूस गोंधळतो. ॲक्सेसरीच्या दुकानातून ब्यूटिल रबराचे शीट आणून दारापासून छतापर्यंत चिकटवणारे लोक मी पाहिलेत. पत्रा ठोकला की ठणठण येत नाही, एवढा फरक पडतो. बोनेटमागून येणारा इंजिनचा आवाज तसाच राहतो. फेल्टकडूनही भलती अपेक्षा ठेवू नका. १००० हर्ट्झच्या आवाजाची लांबी साधारण ३४ सेंटीमीटर, तिचा चौथा हिस्सा साडेआठ. वीस मिलिमीटरचं फेल्ट त्याच्याही खालची घरघर काय धरणार? ग्राहकाला तसं कबूल करून बसू नका, पुढे तोंड दाखवायला जागा राहत नाही.

आता माझी चूक. ही मी सविस्तर सांगणार आहे, कारण दर वर्षी कोणीतरी नेमकी हीच करतं.

ट्रकच्या एका केबिनचा डॅश इन्सुलेटर आमच्याकडे होता. इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधला, साधारण ०.९ चौरस मीटरचा, खाली फेल्ट आणि वर ३ किलो प्रति चौरस मीटरचा जड थर. त्यात वायरिंग, होसपाइप, पेडल यांच्यासाठी सहा भोकं. ग्राहकाच्या लाइनवरून तक्रार आली: भोकं जुळत नाहीत, वायरिंग ओढून घालावं लागतं, एका इन्सुलेटरला दोन माणसं लागतात. मोजून पाहिलं तर भोकं ३-४ मिलिमीटर सरकलेली. मी तेव्हा ट्रेनी. दडपण एवढं होतं की कारण शोधायच्या आधीच मी उपाय लिहून दिला: भोकाचा व्यास ४५ वरून ६० करा. वरच्यांनी सही केली, डाय बदलली, तक्रार बंद झाली. मला शाबासकी मिळाली. ती शाबासकी मला आजही बोचते.

चार महिन्यांनी दुसरी तक्रार आली, केबिनमध्ये आवाज वाढलाय. मग मी दुसरा सोपा उपाय धरला, वजन वाढवायचं. पुस्तकात मास लॉ असतोच: वजन दुप्पट केलं की अडवण्याची ताकद सुमारे ६ डेसिबलने वाढते. जड थर ३ वरून साडेचार किलोवर नेला. हिशेबाने साडेतीन डेसिबल मिळायला हवे होते. 'हुतात्मा' एक्सप्रेसने नमुने घेऊन पुण्याला गेले, दोन खोल्यांच्या मधल्या खिडकीत बसवून चाचणी करून घेतली. फरक आला अर्धा-पाऊण डेसिबल. केबिनमागे १.३५ किलो वजन वाढलं, पैसे वाढले आणि हातात काही नाही. परतीच्या गाडीत कुर्डुवाडी येईपर्यंत मी रिपोर्टची तीच दोन पानं उलटत होते.

उत्तर प्रयोगशाळेत मिळालं नाही, आमच्या प्रेसवरच्या काकांनी दिलं. वीस वर्षं यंत्रमाग चालवून मग इकडे आलेले. दुसऱ्या पाळीत त्यांनी शेडमधले दिवे बंद करायला लावले, नमुन्याची केबिन उभी होती तिच्या इंजिनाच्या बाजूला हातातली बॅटरी लावून धरली आणि मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "मॅडम, आता खाली बघा. जिथनं उजेड येतोय, तिथनं आवाज येतोय की."

डॅशवर पिवळ्या चंद्रकोरी दिसत होत्या. प्रत्येक वायरिंगच्या भोवती एक. ग्रोमेटही (वायरिंगभोवती भोकात बसणारी रबरी कडी) नीट बसलेले नव्हते, आणि ग्रोमेटच्या मागे माझं ६० मिलिमीटरचं भोक.

हिशेब मग त्याच रात्री कागदावर मांडला, तुम्हीही मांडा. वायरिंगची जुडी ४० मिलिमीटरची. भोक ४५ असेल तर भोवतीची फट सव्वातीन-साडेतीन चौरस सेंटीमीटर. भोक ६० केलं की तीच फट पावणेसोळा. म्हणजे व्यास १५ मिलिमीटरने वाढला आणि फट जवळजवळ पाचपट झाली. अशी सहा भोकं म्हणजे ९४ चौरस सेंटीमीटर, आपल्या ०.९ चौरस मीटरच्या १ टक्क्याहून थोडी जास्तच. आणि इथे नियम निष्ठुर आहे: क्षेत्राचा १ टक्का उघडा असेल, तर बाकीचा ९९ टक्के भाग शिशाचा केला तरी तो थर २० डेसिबलच्या वर जात नाही. उघडा भाग ०.१ टक्का असेल तर मर्यादा ३०. माझ्या भोकांनी छत २० वर आणून ठेवलं होतं आणि मी खाली भिंत जाड करत बसले होते. ४५ च्या भोकांना हेच छत साडेसव्वीसच्या आसपास असतं. प्रत्यक्षात मागे पत्रा असतो, ग्रोमेट असतो, त्यामुळे गाडीत आकडे हुबेहूब असे येत नाहीत. पण दिशा हीच राहते. भोकं पूर्ववत केल्यावर जुन्या ३ किलोच्याच थराने चाचणीत ४ डेसिबल जास्त दिले. एक ग्रॅम न वाढवता.

आणि मूळ कारण? भोकं सरकत का होती? गरम फेल्ट थंड साच्यात दाबलं की ते तिथेच निवलं पाहिजे. आमच्याकडे पाळीचा आकडा गाठायला तुकडा वीस सेकंद आधी काढला जात होता. गरम तुकडा टेबलावर पडून आकसायचा आणि भोकं हलायची. खरा उपाय होता ते वीस सेकंद परत देणं. ते कोणाला द्यायचे नव्हते, म्हणून भोक मोठं करणं सगळ्यांनाच सोयीचं वाटलं. आता जिथे जुळवणीला खरंच जागा लागते, तिथे मी गोल भोक देतच नाही, चांदणीसारखी चीर देते. वायरिंग आत गेलं की पाकळ्या त्याला बिलगून राहतात.

फिटमेंटची तक्रार आली आणि कोणी म्हणालं 'क्लिअरन्स वाढव', तर सही करू नका. आधी तुकडा साच्यातून काढताना किती गरम आहे ते मोजा. ट्रेनीचं कोण ऐकतं, असं वाटेल. ऐकत नाहीत हे खरं आहे. तरी मोजलेला आकडा तारखेसकट वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत तो नव्हता.

याच्या मानाने बाकीच्या चुका लहान आहेत, पण एक आपल्या गावाची आहे म्हणून सांगते. आमच्या फेल्टमध्ये कापडाच्या कात्रणांचा पिंजलेला धागा बराच असतो, त्यात सुती जास्त. त्याला बांधायला लो-मेल्ट पॉलिएस्टर. त्याचं वरचं आवरण ११० अंशांच्या आसपास वितळतं आणि धागे धरतं. एका ऑगस्टमध्ये तुकड्यांना फोड यायला लागले, थर सुटायला लागले. रोलचं वजन बरोबर, जीएसएम बरोबर, ओव्हन बरोबर. माझी मावशी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात पंधरा वर्षं चेकिंगला होती. रविवारी जेवताना तिच्यापुढे एक तुकडा ठेवला. तिने तो गालाला लावला आणि म्हणाली, "पाणी आहे गं यात. आमच्याकडं पावसाळ्यात असलं वजन धरत नाहीत." प्रमाणित हवेत सुती धागा साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पावसाळ्यात तो आणखी वाढतो. म्हणजे काट्यावर १२०० जीएसएम दिसत होतं त्यात पाणी होतं, धागा कमी होता. आणि ओव्हनची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात जात होती, लो-मेल्टला उरतच नव्हती. तेव्हापासून जून ते ऑक्टोबर प्रत्येक लॉटचा नमुना १०५ अंशांवर वाळवून, पुन्हा तोलून मगच आत घेतो. एवढी साधी गोष्ट मला कोणत्याही कोर्सने सांगितली नाही.

कोर्सवरून आठवलं. तीन महिन्यांत एनव्हीएच (गाडीतला आवाज आणि थरथर) तज्ज्ञ करून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. आईबापाने कर्ज काढून भरलेली ती फी मी दोघातिघांची वाया गेलेली पाहिली आहे. कॅटिया (डिझाइनचं सॉफ्टवेअर) शिकायचं तर शिका, पण नुसत्या सर्टिफिकेटवर या धंद्यात कोणी उभं करत नाही. सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या प्रत्येक कोपऱ्यावर फेल्ट एकसारखं जाड असतं. साच्यात खोल कोपऱ्यावर ते ताणून पातळ होतं, कुठे दाबून २० चं ८ मिलिमीटर होतं आणि शोषणं संपतं. इम्पिडन्स ट्यूबमध्ये (आवाज किती शोषला ते मोजायची नळी) सपाट चकतीचा सुंदर आलेख येतो. तो आलेख चकतीचा असतो, तुमच्या पार्टचा नाही. पार्ट आडवा कापा आणि जाडी मोजा. कोणी कापू देत नसेल तर रिजेक्ट बिनमधला घ्या.

गुरूबद्दलही माझं मत ठाम आहे. जो तुम्हाला पीडीएफ पाठवतो तो चांगला माणूस असेल, पण गुरू तो, जो तुम्हाला प्रेसपाशी उभं करतो. माझ्या सुरुवातीच्या वरिष्ठांनी मला स्टँडर्डांचे सत्तावीस फोल्डर दिले आणि शेडवर एकदाही नेलं नाही. काकांनी एक बॅटरी दिली.

स्टँडर्डं वाचू नका असं मात्र मी म्हणत नाही. आगीची चाचणी तर जिवाशी बांधलेली आहे. एफएमव्हीएसएस ३०२ या अमेरिकी नियमाप्रमाणे आडवा नमुना मिनिटाला १०२ मिलिमीटरहून वेगाने जळता कामा नये. फेल्ट पास झालं म्हणून निश्चिंत होऊ नका. गोंद बदलला, वरचं काळं कापड बदललं, तरी चाचणी पुन्हा करा. खरेदी विभाग 'तसलाच आहे' म्हणून दुसऱ्या कंपनीचा गोंद आणतो तेव्हा आडवे उभे राहा, भांडण झालं तरी चालेल. वासाचंही तसंच. व्हीडीए २७० या जर्मन स्टँडर्डच्या चाचणीत नमुना बरणीत ८० अंशांवर तापवून माणसांनी हुंगायचा असतो आणि १ ते ६ गुण द्यायचे असतात. परदेशात हे चोचले असतील असं मला आधी वाटायचं. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४३ अंश असताना बंद केबिनचं दार उघडलं, रेझिनचा तो उग्र भपका नाकात गेला आणि मत बदललं. त्या केबिनमध्ये माणूस दहा-बारा तास बसणार असतो.

पिंजणाच्या बाजूला काम असेल तर मास्क लावा. सगळे लावत नाहीत, तुम्ही लावा. धूळ बारीक असते, पहिल्या वर्षी काही जाणवत नाही.

पगार सुरुवातीला कमी आहे, पुण्यात चाकणला गेलेले मित्र आकडे सांगतात तेव्हा वाईट वाटतं. मलाही वाटायचं. पण लहान युनिटमध्ये सहा महिन्यांत रोलपासून डिस्पॅचपर्यंत सगळं डोळ्यांखालून जातं, ते मोठ्या ठिकाणी तीन वर्षांत जात नाही. आणि ज्यांच्या घरात माग आहे, ज्यांनी लहानपणी ताणा-बाणा पाहिलाय, त्यांना धागा कसा वागतो हे हाताला कळतं. मुलाखतीत ते लपवू नका. मी लपवलं होतं, 'वडील व्यवसाय करतात' म्हणाले होते. खरं सांगितलं असतं तर कदाचित मला पहिल्याच दिवशी फेल्टच्या लाइनवर घातलं असतं.

पहिल्या वर्षी रडू येईल. तुमचा पार्ट रिजेक्ट होईल, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं जाईल. त्याने तुम्ही नालायक ठरत नाही. मऊ वस्तूचा धंदा आहे; फेल्टला लोखंडासारखं माप नसतं, ते हवेप्रमाणे, हाताप्रमाणे बदलतं, आणि ते समजायला सगळ्यांनाच वेळ लागतो.

सध्या माझ्या टेबलावर एका इलेक्ट्रिक बसच्या ड्रायव्हर केबिनचं ड्रॉइंग आहे. इंजिनचा दणका नाही, त्यामुळे मोटरची बारीक शिट्टी आणि टायरचा आवाज उघडा पडतो. पूर्वी ते इंजिनाखाली झाकले जायचे. बारीक आवाजाला बारीक फट पुरते. ड्रॉइंगमध्ये अकरा भोकं आहेत. त्यातल्या आठांना चांदणी मान्य झाली आहे, तिघांसाठी ग्राहक ६० च्या व्यासावर अडून बसला आहे. गुरुवारी मीटिंग आहे. काकांना सोबत नेणार आहे, बॅटरीसकट.