कुत्र्याच्या सोनोग्राफीत किडनी सिस्ट दिसली, तर काय करावं?

सोनोग्राफी दुसऱ्याच कारणासाठी केली आणि रिपोर्टात ‘सिंपल रीनल सिस्ट’, म्हणजे मूत्रपिंडातली पाण्याने भरलेली साधी गाठ, असं लिहून आलं, तर लगेच घाबरू नका. एका मूत्रपिंडातली एकुलती, पातळ भिंतीची, आत स्वच्छ पाणी असलेली गाठ बहुतेक कुत्र्यांना कधीच त्रास देत नाही. रिपोर्टात एवढं पाहा: गाठी किती, दोन्ही बाजूंना आहेत का, भिंत जाड किंवा आतला द्रव गढूळ आहे का. बुल टेरियरमध्ये अनेक गाठींचा आजार आनुवंशिक असतो. जर्मन शेफर्डच्या कातडीत टणक गुठळ्याही हाताला लागल्या, तर कर्करोगाची तपासणी हवीच.

मग क्रिएटिनिन आणि एसडीएमए (मूत्रपिंडांचं काम दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या), लघवीची घनता, लघवीतली प्रथिनं आणि रक्तदाब तपासून घ्या. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका. मूत्रपिंडांचं सुमारे पाऊण काम थांबेपर्यंत ते नॉर्मल दिसू शकतं. लघवी सकाळची पहिली घ्या. लांब दांड्याची स्वच्छ पळी मधल्या धारेखाली धरा. फरशीवरून टिपलेल्या नमुन्यात बाहेरचे जंतू मिसळतात. लॅबला पोचायला उशीर होणार असेल, तर बाटली फ्रीजमध्ये ठेवा.

घरी पाणी मोजा, हे सगळ्यात उपयोगी काम. सकाळी मापून भरा, 24 तासांनी उरलेलं वजा करा, तीन दिवसांची सरासरी काढा. दर किलो वजनामागे 100 मिलीच्या वर, म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला रोज लिटरभराहून जास्त लागत असेल, तर डॉक्टरांना सांगा. मे महिन्याच्या उकाड्यात आकडा थोडा चढतोच. पण लघवी जास्त होते म्हणून पाणी कधीही तोडू नका.

सुईने पाणी काढलं तरी गाठ बऱ्याचदा पुन्हा भरते. म्हणून दुखत किंवा दाबत असेल तरच ते करतात. एरवी तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, शक्यतो त्याच डॉक्टरांकडे. मुंबईत परळच्या बैलघोडा या प्राण्यांच्या हॉस्पिटलात जा किंवा खासगी दवाखान्यात, जुनी मापं सोबत न्या. किडनीचं खास खाणं रक्त-लघवी बिघडल्यावरच, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका. मूत्रपिंडं त्यानेच जातात. मुंबईच्या पावसाळ्यात लेप्टोची (साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या, मूत्रपिंडांवर हल्ला करणाऱ्या जंतुसंसर्गाची) भीती मोठी: लस दरवर्षी, आणि तुंबलेल्या पाण्यातून फिरवणं बंद. ताप, पाठीला हात लावू न देणं, लघवीत रक्त, उलट्या, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाठीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.