हत्ती उताणे पडू नयेत म्हणून: दिशा असलेल्या प्रिंटच्या दुलईची तयारी

बाण. कापडाच्या उलट बाजूला, खडूने, टोक वरच्या दिशेला, आणि तुकडे कापण्याआधी. मागच्या खेपेला या यादीतलं बाकी सगळं झालं होतं, एवढंच राहिलं, आणि दुलईच्या काही चौकोनांतले छापील हत्ती पाय वर करून पडले ते कायमचे. म्हणून बाण इथे पुन्हापुन्हा येणार आहे.

कटर, मॅट, इस्त्री, टाचण्या आहेतच. मोजपट्टी पारदर्शक हवी, खालची प्रिंट दिसली पाहिजे.

कापड दुकानातच ओळखून घ्या. मछलीपट्टणमच्या ठशाच्या कलमकारीतले हत्ती-मोर, उभी झाडं, अक्षरं यांची दिशा लांबूनही कळते. फसवतात त्या बारीक बुट्ट्या. देठ खाली, कळी वर अशी पाऊण इंचाची बुट्टी ताग्यावर सगळीकडून सारखीच वाटते. चौकोन शेजारीशेजारी लागले की एखादी कळी मान खाली घालून बसलेली दिसते. मोबाइलवर फोटो काढा, तो १८० अंशांत फिरवा आणि मूळ फोटोशेजारी ठेवून बघा. फरक दिसला तर प्रिंट एकदिशी. १८० ला सारखी पण ९० ला वेगळी, तर दुदिशी. साधे पट्टे त्यातले. दोन्हीकडून सारख्या चौकड्याला ही यादी लागत नाही.

काठही बघा, म्हणजे कापडाची विणलेली पक्की कड. सहसा आकृत्या काठाला समांतर उभ्या असतात, पण काही कापडांवर त्यांचे पाय काठाकडे असतात. तसं असेल तर खाली जिथे 'उभी पट्टी' म्हटलंय तिथे 'आडवी' समजा आणि उलट. जुनी साडी घेणार असाल तर अंग, काठ आणि पदर तिन्हींची दिशा वेगवेगळी तपासा.

दुलई कुठे जाणार हे ठरल्याशिवाय मोजमाप करू नका. भिंतीवर टांगायची असेल तर सगळं सुलटं उभं. पलंगावर टाकायची असेल तर बाजू खाली लोंबणार, आणि उशीच्या दिशेने उभे केलेले हत्ती शेजारी उभ्या असलेल्या माणसाला आडवे दिसणार. अशा वेळी किनारीत चारही बाजूंना पाय बाहेरच्या कडेला ठेवायचे. हे स्वस्तही पडतं, कारण चारही पट्ट्या पन्ह्यातून आडव्याच निघतात.

सगळे हत्ती एकाच दिशेने उभे हवे असतील तर कापड जास्त लागतं. किती, ते हिशोबाने बघा. मधला भाग ४८ बाय ६० इंच, किनार शिवून तयार ६ इंच, म्हणजे दोन्हीकडे पाव इंच शिवण धरून पट्टी ६½ इंचाची. चारही बाजूंना लांबी सुमारे ६०½ इंच. दिशा नसलेल्या कापडाच्या ४४ इंची पन्ह्यातून सहा आडव्या पट्ट्या काढल्या की झालं, सव्वा मीटरमध्ये भागतं. दिशा असेल तर डाव्या-उजव्या बाजूंच्या पट्ट्या काठाला समांतर, उभ्या काढाव्या लागतात. म्हणजे कापडाची लांबीच ६०½ इंच हवी. वरखालच्या पट्ट्या उरलेल्या रुंदीतून तुकडे जोडून निघतात. मग पावणेदोन मीटर. वरखालच्या प्रत्येक पट्टीत एकच जोड चालणार असेल तर अडीच. प्रत्येक जोडाला नक्षी जुळवायला एक पूर्ण आवर्तन वेगळं धरा: हत्तीच्या सोंडेपासून पुढच्या ओळीतल्या हत्तीच्या सोंडेपर्यंत मोजा, ते एक आवर्तन. दुकानदार "ताई, एवढं कशाला?" म्हणतोच. तरी घ्या.

धुवा. सुती कापड तीन ते पाच टक्के आटतं. ठशाच्या लाल-निळ्यावर ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का बघा. मग कांजी आणि इस्त्री. हाताच्या ठशाच्या ओळी धाग्याशी नेहमी समांतर नसतात. दोन-तीन सूत तिरक्या असतील तर धागा सोडा आणि प्रिंटच्या ओळीने कापा. तिरका धागा कोणाला दिसत नाही, तिरका हत्ती सगळ्यांना दिसतो.

आता बाण. सुलट बाजूला प्रिंट दिसतेच, मग बाण कशाला, असं वाटतं. पण मशीनपाशी डोळ्यांसमोर येते ती उलट बाजूच. दोन तुकडे सुलटे आतल्या बाजूला ठेवून शिवतो तेव्हा दोन्ही हत्ती आत लपलेले असतात, आणि अडीच इंचाचा चौकोन हातात चारही बाजूंनी सारखाच लागतो. म्हणून पट्टी निघाली की तिचे चौकोन करण्याआधी तिच्यावर बाण काढा, प्रत्येक होणाऱ्या तुकड्यात एक. आधी चौकोन आणि मग बाण असा क्रम लावलात तर बाण अंदाजाने काढाल, आणि अंदाजाने काढलेला बाण नसल्यापेक्षा वाईट. गडद कापडाला पांढरा खडू, फिक्याला पेन्सिल, हलक्या हाताने आणि कडेच्या पाव इंचात, शिवणीत जाईल असा. हवेत आपोआप उडणारी जांभळी शाई वापरू नका, पावसाळी दमट हवेत ती शिवण संपण्याआधी गायब होते. इस्त्रीने पुसणारं पेन शिवणीच्या आत चालेल, सुलट बाजूला नाही. कडक थंडीत ती शाई परत उमटू शकते. मास्किंग टेपचा बाणही चालतो, फक्त त्यावर इस्त्री फिरवू नका. बाण काढले? मोजा. जितके तुकडे तितके बाण.

घडीकडे लक्ष असू द्या. काठावर काठ ठेवून घडी घातली तर दोन्ही थरांची दिशा एकच राहते. कापलेल्या टोकावर टोक ठेवून आडवी घडी घातली की खालचा थर उलटा होतो, आणि एका फटक्यात अर्धे तुकडे उलटे निघतात. बाण थरातल्या प्रत्येक तुकड्यावर हवा, फक्त वरच्यावर नको.

चौकोनांना उभंआडवं नसतं, पण २½ बाय ४½ च्या आयतांना असतं. किती उभे, किती आडवे ते कागदावर मोजून दोन वेगळ्या डब्यांत भरा. लॉग केबिनमध्ये, म्हणजे मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या (फळ्या) लावत केलेल्या ब्लॉकमध्ये, वरखालच्या फळ्या आडव्या पट्टीतून आणि डाव्या-उजव्या फळ्या उभ्या पट्टीतून काढायच्या. एकाच लांब पट्टीतून गोल फिरत शिवायची सवय इथे कामाची नाही.

खरी गंमत एचएसटीची, म्हणजे दोन त्रिकोण जोडून केलेल्या चौकोनाची. चौकोनांच्या एका जोडीतून दोन करायची नेहमीची पद्धत चालते, पण कर्णरेषेची दिशा सांभाळून. प्रिंटचा चौकोन खाली, सुलटा, बाण तुमच्यापासून लांब. त्यावर साधा चौकोन उलटा ठेवून कर्ण काढा. कर्ण खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात गेला तर हत्ती डावीकडे-वर आणि उजवीकडे-खाली बसतात, दोन्ही सुलटे. दुसऱ्या दोन जागांसाठी कर्ण विरुद्ध काढावा लागतो. चारही जागा सारख्या संख्येने लागत असतील तर निम्म्या जोड्यांचा कर्ण एकीकडे, निम्म्यांचा दुसरीकडे. सगळे कर्ण एकाच बाजूला काढून नंतर ब्लॉक फिरवून जमवू म्हणाल तर हत्ती कुशीवर झोपतात. दोन्ही कापडं दिशेची असतील तर वरच्या चौकोनाचा बाण आडवा ठेवा: पहिल्या प्रकारच्या कर्णाला उजवीकडे, दुसऱ्याला डावीकडे. बाण असेल तरच ठेवता येईल, हे सांगायला नको. मापाचं बोलायचं तर तयार ४ इंचासाठी चौकोन ५ इंचाचे घ्या आणि नंतर ४½ ला छाटा.

फ्लाइंग गीज म्हणजे मधे मोठा त्रिकोण आणि दोन कोपऱ्यांत लहान त्रिकोण असलेला आयत. त्याची एका मोठ्या चौकोनातून चार काढायची पद्धत मधल्या कापडाला दिशा असेल तर सोडा. चारातला एक सुलटा, एक उलटा, दोन आडवे येतात. आयताच्या कोपऱ्यांवर २½ चे चौकोन शिवून दुमडायची पद्धत वेळखाऊ आहे, पण तीच वापरा.

चौकोन कोपऱ्यावर उभे करणार असाल तर हत्ती ४५ अंशांत कलतात. सरळ हवे असतील तर चौकोन उरेब, म्हणजे धाग्याला तिरके, कापावे लागतात, चारही कडा ताणतात. दाट कांजी आणि कमीत कमी हाताळणी. कडेचे मोठे त्रिकोण एका चौकोनाचे दोन्ही कर्ण कापून चार निघतात, आणि प्रत्येक फक्त आपापल्या बाजूलाच सुलटा बसतो. वर तीन आणि बाजूला पाच लागत असतील तर चौकोनही पाच घ्या, वरखालचे दोन-दोन त्रिकोण वाया जाणार.

जमिनीवर मांडणी करा, फोटो काढा, फोटोत उलटे हत्ती शोधा. प्रत्यक्षापेक्षा फोटोत लवकर सापडतात. मग ओळीनुसार गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्यावर क्रमांक आणि बाण. साखळीने, म्हणजे धागा न तोडता एकामागून एक तुकडे शिवताना तुकडा हातात फिरतो. मशीनखाली जाण्याआधी बाण बघा. शिवणी एकमेकींत बसाव्यात म्हणून ब्लॉक फिरवू नका, शिवण दुसऱ्या बाजूला वळवून इस्त्री करा.

अस्तर दोन पन्ह्यांचं असेल तर जोड उभा, आणि दुसरा पन्हा शेजारी ठेवताना उलटा फिरला नाही ना ते बघा. तिन्ही थर (वरचा, मधलं भरण, अस्तर) लावताना वरच्या थराचं डोकं आणि अस्तराचं डोकं एकाच बाजूला. दोन्हींवर टेपचा मोठा बाण.

कडेचा गोट २½ इंची. पट्टे तिरके हवे तर उरेब, नाहीतर सरळ. लेबल खाली, अस्तराच्या बाजूला. टेप काढा, मग इस्त्री.