सोलापुरात क्रिकेट प्रशिक्षक म्हणून सुरुवात करताना

भारताचे माजी कसोटी कर्णधार पॉली उम्रीगर यांचे जन्मगाव असलेल्या सोलापुरात क्रिकेट शिकायला उत्सुक मुले पुष्कळ मिळतील. नव्या प्रशिक्षकाने मात्र आरंभी मोजकीच घ्यावीत, म्हणजे प्रत्येकाकडे रोज नीट लक्ष देता येते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा सराव सकाळी लवकर आटोपावा आणि मुलांना मधून मधून पाणी प्यायला लावावे.

दहा वर्षांच्या मुलांना २२ यार्डांची खेळपट्टी लांब पडते; तेवढ्या अंतरावर चेंडू पोहोचवण्याच्या धडपडीत त्यांची गोलंदाजीची शैली बिघडते. त्यामुळे १६ ते १८ यार्डांवर, हलक्या चेंडूने सुरुवात करावी. फलंदाजाच्या खालच्या हाताचा जोर जास्त झाला की बॅटचे पाते तिरके होते आणि सरळ मारलेला चेंडू हवेत उडतो. अशा वेळी नुसते सांगत बसण्यापेक्षा खालच्या हाताचा फक्त अंगठा आणि दोन बोटे मुठीला लावून तेच फटके मारायला द्यावेत.

लेदरच्या चेंडूसमोर हेल्मेटशिवाय कोणालाही उभे करू नये, आणि याबाबत पालकांचा आग्रहही मानू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रशिक्षकांच्या अधिकृत अभ्यासक्रमाची चौकशी महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे करावी.