न्यूझीलंडच्या ज्वालामुखी पट्ट्यात बसने, नव्या सोबत्यांबरोबर

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर रोटोरुआ, टाउपो आणि टोंगारिरो नॅशनल पार्क हा पट्टा बसने फिरायला सोपा आहे. ऑकलंड ते रोटोरुआ साधारण २३० किमी, तिथून टाउपो ८० आणि पुढे पार्कच्या पायथ्याचं गाव आणखी शंभरेक किमी. हॉस्टेलं भरपूर आहेत आणि डॉर्ममध्ये नाहीतर बसमध्ये दोन दिवसांत ओळखी होतात. बेत फसतो तो बहुधा एकाच ठिकाणी. टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग, म्हणजे ज्वालामुखी डोंगरावरून दिवसभर चालायची वाट, हा या पट्ट्यातला सगळ्यात मोठा दिवस, आणि तो वाऱ्यापावसाच्या हातात असतो. त्यासाठी नेमका एकच दिवस ठेवला आणि त्या दिवशी शटल रद्द झाली, की ठरलेली बस तुम्हाला पुढच्या गावी घेऊन जाते आणि क्रॉसिंग राहून जातं. म्हणून आधी पार्कजवळच्या तीन रात्री ठरवा, म्हणजे चालायला मधले दोन दिवस हाताशी राहतात. बाकीचा प्रवास त्यांच्या अलीकडे-पलीकडे बसवा. रोटोरुआत दोन रात्री आणि टाउपोत एक रात्र पुरते.

बस निवडताना

दोन प्रकार आहेत. एकात गाइड, मुक्काम आणि तारखा सगळं आधीच ठरलेलं असतं. दुसऱ्यात पास घ्यायचा आणि हवं तिथे उतरून नंतरची बस पकडायची. इंटरसिटीच्या साध्या लांब पल्ल्याच्या बसचा फ्लेक्सिपासही याच कामाला येतो. तो तासांच्या हिशोबाने मिळतो आणि जितका प्रवास कराल तितके तास त्यातून वजा होतात. क्रॉसिंग करायचंच असेल तर दुसरा प्रकार घ्या.

पण पास म्हणजे सीट नव्हे. प्रत्येक टप्प्याची सीट वेगळी बुक करावी लागते, आणि डिसेंबर-जानेवारीत बस भरलेल्या असतात. नवे मित्र झाले, सगळ्यांनी मिळून एक दिवस जास्त थांबायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशीच्या बसमध्ये दोनच जागा निघाल्या, हे इथे नेहमी होतं. तारीख किती तास आधीपर्यंत बदलता येते ते पास घेतानाच बघून ठेवा. बुकिंग मात्र ज्याचं त्याने स्वतःच्या नावावर करावं. पाच जणांचं एकत्र बुकिंग असलं की एकाचा बेत बदलला तरी पाचही जण अडकतात.

उतरण्याचा थांबाही नीट बघा. हायवे क्रमांक १ वरच्या बस तुरांगीहून डोंगरांच्या पूर्वेकडून निघून जातात. नॅशनल पार्क व्हिलेज आणि फाकापापा व्हिलेज पश्चिमेला आहेत. तुरांगीत मुक्काम केला तरी चालतं, क्रॉसिंगची शटल तिथूनही मिळते. टाउपोहूनही मिळते, पण मग पहाटे फार लवकर उठावं लागतं.

ठरावीक टूरच घेणार असाल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: पार्कजवळ किती रात्री आहेत, शटलचे पैसे धरलेत का, आणि क्रॉसिंग रद्द झालं तर त्या दिवशी काय. तिसऱ्याचं उत्तर ‘तेव्हा बघू’ असं आलं तर तो दिवस हॉस्टेलच्या हॉलमध्ये जाणार असं धरून चाला.

सामान

मोठी सॅक ४५ ते ५० लिटर, छोटी २० ते २५ लिटर. मोठी बसच्या पोटात जाते आणि मुक्कामाच्या गावापर्यंत हाताला लागत नाही, म्हणून पासपोर्ट, औषधं, विंडचीटर, पाणी आणि चार्जर छोटीत ठेवा. बसमधल्या निम्म्या सॅक काळ्या असतात. पट्ट्याला भडक रंगाचं कापड बांधलं की चुकीची सॅक उतरवली जात नाही. वळणांवर मळमळत असेल तर पुढची सीट धरा.

देशात शिरताना बूट स्वच्छ हवेत. तळव्याच्या खाचांतली माती टूथब्रशने काढा आणि वापरलेले ट्रेकिंगचे बूट व सगळं खाणं फॉर्मवर जाहीर करा. जाहीर न केल्यास जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात.

नव्या ओळखीचा गट

गट चार-पाच जणांचा ठेवा. त्याहून मोठ्या गटाला स्वयंपाकघरात जागा मिळत नाही आणि वाटेवर सगळ्यांना एकत्र ठेवणं जड जातं. ‘तू फिट आहेस ना?’ असं विचारलं की प्रत्येक जण हो म्हणतो. त्याऐवजी, सलग सात-आठ तास शेवटचं कधी चाललास, उतरताना गुडघे दुखतात का आणि पायात कोणते बूट घालणार आहेस, हे विचारा. या तीन उत्तरांवरून सगळं कळतं.

पैशाचं सुरुवातीलाच बोलून घ्या. तिकिटं आणि मुक्काम टीटीएमएम, फक्त जेवणाची कॉन्ट्री, हा हिशोब सगळ्यांत कमी कटकटीचा. सुपरमार्केटची खरेदी एकाने करून त्याच रात्री हिशोबाच्या अ‍ॅपमध्ये टाकावी. गटात शाकाहारी, हलाल किंवा अ‍ॅलर्जी असलेलं कोणी असेल तर भात, पास्ता, डाळी आणि भाज्या सामाईक घ्या. मांस ज्याचं त्याने बघावं.

रोटोरुआ

गावात सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. याने चांदी काळी पडते, म्हणून दागिने हवाबंद पिशवीत ठेवा. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खोलगट, बंद जागेत साचतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी वाफेच्या भेगांजवळ रेंगाळू नये. गावातल्या कुइराऊ पार्कमध्ये उकळता चिखल आणि वाफेची तळी फुकट बघायला मिळतात.

वाई-ओ-टापू गावापासून ३० किमीवर आहे आणि साध्या बस तिथे आत जात नाहीत, शटल धरावी लागते. तिथला लेडी नॉक्स गीझर रोज सकाळी १०:१५ वाजता साबणासारखं द्रव्य टाकून उडवतात. बहुतेक लोक आधी तिकडेच जातात, म्हणून वेळेच्या आधी पोचा. नंतर शॅम्पेन पूलकडे वळा: सुमारे ७४ अंशांचं पाणी आणि काठाला आर्सेनिक-अँटिमनीच्या संयुगांचा नारिंगी थर. फळीची वाट सोडून एक पाऊलही बाहेर टाकू नका. वरून घट्ट दिसणारी जमीन काही ठिकाणी पातळ कवच असते आणि खाली उकळतं पाणी.

नैसर्गिक गरम झऱ्यात बसायला हरकत नाही, पण डोकं पाण्याबाहेर ठेवा. अशा पाण्यात एक अमीबा असू शकतो. तो नाकावाटे शिरला तर मेंदूला होणारा संसर्ग बहुधा जीव घेतो. गटात मस्करीत कोणी कोणाला पाण्यात दाबायला लागलं तर तिथेच थांबवा.

क्रॉसिंग

मांगातेपोपो ते केतेताही, सुमारे २० किमी, सहा ते आठ तास. वाट एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपते आणि हंगामात मांगातेपोपोला खासगी गाडी चार तासांपेक्षा जास्त लावता येत नाही, म्हणून शटल लागतेच. संवर्धन खात्याच्या, म्हणजे डॉकच्या संकेतस्थळावर मोफत नोंदणी करा. साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिल हा हंगाम. हिवाळ्यात क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटांना लावायचे खिळे), आइस अ‍ॅक्स आणि अनुभवी गाइडशिवाय जाऊ नये.

आदल्या रात्री दोन गोष्टी बघा. एक, डोंगरावरचा हवामान अंदाज. तो गावाचा बघून उपयोग नाही, रेड क्रेटरच्या, म्हणजे वाटेवरच्या सगळ्यात उंच भागाच्या, उंचीवरचा वारा बघा. दुसरी, जिओनेट या ज्वालामुखींवर लक्ष ठेवणाऱ्या सेवेच्या संकेतस्थळावरची ज्वालामुखीच्या इशाऱ्याची पातळी. ती ० ते ५ असते. १ आणि २ म्हणजे पोटात हालचाल, ३ पासून पुढे प्रत्यक्ष उद्रेक. कमी पातळी म्हणजे हमी नव्हे. ऑगस्ट २०१२ मध्ये टोंगारिरोवरच्या ‘ते मारी’ विवराचा उद्रेक झाला तेव्हा पातळी १ होती आणि उडालेले दगड वाटेवरच्या केतेताही हटचं छप्पर फोडून आत आले. ९ डिसेंबर २०१९ ला फाकारी (व्हाइट आयलंड) या ज्वालामुखी बेटावरच्या उद्रेकात २२ माणसं गेली, तेव्हा पातळी २ होती. म्हणून डॉकने वाट बंद केली असेल तर वाद घालू नका, आणि उघडी असली तरी विवरांजवळ पथारी पसरू नका.

त्याच रात्री सगळ्यांसमोर मोठ्याने ठरवा: वेग सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा, शेवटी कोण चालणार, आणि कुठून परत फिरायचं. ही तिसरी गोष्ट नवे सोबती टाळतात. ओळख ताजी असते, मला जमत नाही हे म्हणायला संकोच वाटतो, आणि माणूस दमलेला असूनही पुढे येत राहतो. नियम आधीच असला तर कोणालाच विनंती करावी लागत नाही. परतीची जागा साउथ क्रेटर, म्हणजे रेड क्रेटरच्या चढाआधीचं सपाट मैदान, धरा. तिथपर्यंत पोचायला तीन तासांहून जास्त लागले, ढग खाली आले किंवा वाऱ्यात उभं राहणं जड गेलं तर मागे फिरा, आणि कोणालाही एकटं परत पाठवू नका. मागे फिरलात की शटलवाल्याला कळवावं लागतं, कारण तो केतेताहीला वाट बघत असतो. फोनची रेंज तुटक असते, तेव्हा अशा वेळी काय करायचं ते त्याला सकाळीच विचारून ठेवा.

प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी, उन्हात तीन. वाटेत पिण्याजोगं पाणी नाही. सुती कपडे आणि जीन्स नकोत, भिजल्या की सुकत नाहीत आणि अंग गार पाडतात. लोकरी किंवा सिंथेटिक थर, विंडचीटर, पावसाचं जाकीट, टोपी, हातमोजे, सनस्क्रीन आणि टॉयलेट पेपर, एवढं ऊन असलं तरी घ्यायचं.

सोडा स्प्रिंग्जपर्यंतची वाट सोपी, तिथे शौचालय आहे. पुढे पायऱ्यांचा चढ, मग साउथ क्रेटरचं सपाट मैदान, आणि नंतर धारेवरून १,८८६ मीटरवरचं रेड क्रेटर. इथे वाऱ्याला काहीच आडोसा नाही.

एमराल्ड लेक्सकडे उतरणारा घसारा या दिवसातला सगळ्यात निसरडा भाग, आणि बहुतेक माणसं इथेच पडतात. वरच बुटांच्या नाड्या घट्ट करा म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. गुडघे किंचित वाकवा, टाच आधी रोवा, पाऊल आखूड ठेवा आणि पाय थोडा सरकू द्या. मागे रेललात की पाय निसटून बसकण होते. एकमेकांच्या थेट खाली चालू नका. निखळलेला दगड पुढच्याच्या घोट्यावर येतो. काठ्या असतील तर उतारासाठी थोड्या लांब करा.

तळ्यांच्या पाण्याला हात लावू नका. ब्लू लेक माओरी लोकांसाठी पवित्र आहे. त्याच्या काठी खाणंही टाळतात. डोंगरांच्या शिखरांवर चढू नये अशी स्थानिक इवीची, म्हणजे माओरी जमातीची, विनंती आहे, त्यात नाउरुहोईही येतो. शेवटचे दोन-तीन तास निव्वळ उतार आणि गुडघ्यांची परीक्षा. खालच्या जंगलात चिखलप्रवाहाच्या धोक्याच्या पाट्या दिसतील. त्या दोन पाट्यांच्या मधे फोटोसाठीसुद्धा थांबू नका.

उद्रेक झालाच तर आधी उडणारे दगड बघा, उंचवट्याच्या आड अंग चोरून बसा आणि सॅक डोक्यावर धरा. दगड थांबले की विवरापासून लांब निघा, पण दरीत उतरू नका, चिखलप्रवाह दरीतूनच येतो. राखेत नाकातोंडावर कापड बांधा. मदतीसाठी क्रमांक १११.

दुसऱ्या दिवशी

क्रॉसिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस घेऊ नका, दुपारची घ्या. बूट सुकायला आणि पाय मोकळे व्हायला वेळ लागतो. हात-पाय धड असतील तर फाकापापा व्हिलेजहून तारानाकी फॉल्सचा ६ किमीचा फेरा दोन तासांत होतो. क्रॉसिंग रद्द झालेल्या दिवसालाही हा चांगला पर्याय आहे. धबधबा रुआपेहू ज्वालामुखीच्या सुमारे १५,००० वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या कडेवरून २० मीटर खाली पडतो. वाटा वेगळ्या होण्याआधी जेवणाचा हिशोब त्याच संध्याकाळी मिटवा, तोही न्यूझीलंड डॉलरमध्ये, कारण सगळे आपापल्या देशी पोचल्यावर प्रत्येक पैसे पाठवण्यावर बँक शुल्क कापते.