कानामागचा पॅच आता टिकतो

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. लाळ इतकी गळायची की हनुवटीची कातडी सोलवटून निघायची. डॉक्टरांनी स्कोपोलामाइन या औषधाचा पॅच दिला, कानामागे चिकटवायची छोटी पट्टी. हा मूळचा प्रवासातल्या मळमळीसाठीचा. ७२ तास कातडीतून थोडं थोडं औषध जातं आणि लाळ कमी सुटते.

पण पॅच टिकेचना, दुसऱ्या दिवशी उशीला चिकटलेला दिसायचा. कारण निघालं खोबरेल तेल! आजी त्याच्या डोक्याला रोज तेल लावतात, ते ओघळून कानामागे येतं. आता पॅच बदलायच्या दिवशी आधी अंघोळ, मग कानामागची केस नसलेली जागा अगदी कोरडी करते, पॅच बोटांनी घट्ट दाबते. तेल फक्त टाळूला. पुढचा पॅच दुसऱ्या कानामागे, त्यामुळे कातडीलाही विसावा मिळतो.

लावल्यावर हात साबणाने धुवाच. बोटाचं औषध डोळ्यात गेलं तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं. मनाने पॅच कापू नका. बद्धकोष्ठता, लघवी अडणं, पेंग याकडे लक्ष ठेवा. उन्हाळ्यात तर फार जपा: घाम कमी येतो, अंग तापतं. तसं झालं तर पॅच काढून लगेच डॉक्टरांना गाठा.